न पाहिलेला गोल

सुखदेव भाऊजी,

तुम्ही गेल्यावर सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले आणि सगळ्यांसोबत मीही मान हलवली. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट मी बोलले नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मला तुमचा हेवा वाटत आलाय. असातसा नाही. बाईला सवतीचा वाटावा तसा.

फुटबॉलवाल्या पोरांनी ह्यांच्याकडे तुमच्यावर चार ओळी मागितल्या होत्या, यंदाच्या फायनलला मैदानावर फळा लावायचा म्हणून. ह्यांनी पेन हातात घेतला, दोनदा चष्मा पुसला आणि कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, तूच लिही, तुला अंगणवाडीच्या वह्या लिहायची सवय आहे. मी चार ओळी लिहून दिल्या. मनमिळाऊ स्वभाव, खेळावर प्रेम, गावाला आधार, असं सगळं. फळ्यावर तेवढंच बसतं. जे बसत नाही ते इथं लिहिते आहे.

लग्न होऊन मी नाचणगावला आले, त्याच्या चौथ्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात. मी आतून पाहिलं. अंगात वन खात्याच्या मजुराचा खाकी शर्ट, पायात रबरी चपला, आणि माझा चार दिवसांचा नवरा तुमच्या एका वाक्यावर एवढा हसला की त्याला खांब धरावा लागला. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहत होते. माझ्याशी तो हसायचा, नाही असं नाही. पण ते पाहुण्याशी हसतात तसं. खांब धरून हसणं तुमच्या वाट्याचं होतं, आणि ते शेवटपर्यंत तुमच्याच वाट्याला राहिलं.

पुढं रोजच तुम्ही आलात. जंगलातलं काम सुटलं की घरी जाऊन हातपाय धुवायचे आणि थेट आमचा ओटा. हे वावरातून येऊन वाटच पाहत असायचे. खेळता तुम्हा दोघांनाही येत नव्हतं. ह्यांचा गुडघा लहानपणीच दुखावलेला, आणि तुम्हाला दम लागायचा. पण गावच्या टीमची एक मॅच तुम्ही चुकवली नाही. पुलगावच्या मैदानावर, देवळीत, कधी वर्ध्याला. आणि पुलगाव स्टेशनच्या टीमशी असली तर आठवडाभर आधीपासून तुमचं जेवण उतरायचं नाही. माझ्याशी हे वांग्यावरच्या अळीबद्दल बोलायचे, मोटरची लाईन कधी येते ते बोलायचे, पोरीच्या तापाबद्दल बोलायचे. सगळं कामाचं. बिनकामाचं सगळं तुमच्याशी. माणूस दुसऱ्याला खरंखुरं देतो ते बिनकामाचंच, हे मला तेव्हाही कळत होतं.

तुमच्या मायशी तुम्ही गोंडीत बोलायचात. हळूहळू ह्यांनाही त्यातलं थोडं यायला लागलं. एकदा तुमची माय आमच्याकडे आली असताना ह्यांनी तिला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, माझ्या माहेरच्या चार मावश्यांची नावं सांगा. ह्यांना दोन आली. त्यातली एक चुकली.

तुमच्या इंदूला मी एकदा विचारलं होतं, तुला काही वाटत नाही का, हा माणूस रोज आमच्याकडे पडलेला असतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वाटाचं काय त्यात? दोघं तिकडं बसतात तं आपल्याले उसंत भेटते." मला तिचाही हेवा वाटला. एवढं सोपं कसं असू शकतं एखाद्या बाईला.

आणि मग ती फायनल.

ती रविवारी व्हायची होती. शनिवारी अवकाळी पाऊस झाला, मैदानात पाणी साचलं आणि मॅच मंगळवारवर गेली. त्याच मंगळवारी देवळीला माझी अंगणवाडीची मुलाखत होती. पंधरा दिवस आधीपासून ठरलेलं होतं की पोरीला सासूबाईंकडे ठेवायचं आणि ह्यांनी मला गाडीवर देवळीला न्यायचं. मंगळवारी सकाळी हे उगाच गाडी पुसत राहिले. पुसलेली गाडी पुन्हा पुसली. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, तू बसनं गेली तर जमेल का. मी म्हटलं, जमेल. तुम्ही तेव्हा रस्त्यावर सायकल धरून उभे होतात. मला तुम्ही दिसलात. तुम्ही खाली पाहिलंत.

मी पुलगावला पायी गेले आणि तिथून बस धरली. कागदांची फाईल मांडीवर घेऊन अख्ख्या रस्ताभर लसींची नावं घोकत होते. देवळीला मला वजनाचा काटा लावायला सांगितला, लसींचं विचारलं आणि शेवटी मॅडम म्हणाल्या, पोरांसाठी एखादं गाणं म्हणून दाखवा. चार अनोळखी माणसांसमोर मी हातवारे करून चिऊचं गाणं म्हटलं. गाणं झाल्यावर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, यादीत तुमचं नाव वर राहील. ही गोष्ट मला पहिल्यांदा एकाच माणसाला सांगायची होती.

पुलगावला उतरले तर फटाके ऐकू आले. नाचणगावच्या रस्त्याला लागले तर समोरून ढोलताशा, गुलाल, ट्रॉफी. अर्धं गाव रस्त्यावर. मी कडेला झाले आणि गुलाल लागू नये म्हणून फाईल पदराखाली घेतली. मिरवणुकीच्या मधोमध हे होते आणि तुम्ही होतात. ह्यांचा हात तुमच्या गळ्यात, तुमचा ह्यांच्या, आणि दोघं रडत होतात. हे माझ्यापासून चार हातांवरून गेले. मला पाहिलं नाही.

घरी आल्यावर ह्यांचा आवाज बसलेला होता. त्या बसलेल्या आवाजात ह्यांनी तो गोल सासूबाईंना तीनदा सांगितला, मला दोनदा, आणि दर वेळी शेवटाशी येऊन म्हणाले, पुढचं सुखदेवच सांगेल. मी ताट वाढलं. देवळीचं कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. म्हटलं पाहू, किती वेळ आठवत नाही ते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठवलं नाही.

संध्याकाळी तुम्ही आलात. ओट्यावर बसायच्या आधी, चपला काढायच्याही आधी, तुम्ही दारातून आत पाहिलंत आणि विचारलंत, "वयनी, देवळीचं काय झालं?"

ह्यांनी कपाळावर हात मारला. मी "झालं" एवढंच म्हटलं आणि आत गेले. आत जाऊन रडले. लोक म्हणतील आनंदानं. भाऊजी, मी रागानं रडले. नवरा विसरला ह्याचा राग होताच, पण तुम्हाला आठवलं ह्याचा त्याहून मोठा होता. माझ्या नवऱ्याचं विसरणंसुद्धा तुम्ही भरून काढणार असाल तर मी तुम्हाला नावं कशी ठेवायची? तुम्ही वाईट माणूस असता तर माझं सोपं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही जंगलातून टोपलीभर सीताफळं आणलीत. माझं काम झालं म्हणून. मोठी, डोळे उघडलेली, पिकायला एक दिवस कमी. मला सीताफळ किती आवडतं हे ह्यांनीच तुम्हाला सांगितलं असणार. मी ती सगळी गल्लीतल्या पोरांना वाटली. एकही खाल्लं नाही. तुम्ही दोन दिवसांनी विचारलंत, गोड निघाली का. मी म्हटलं, निघाली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. माफी मागते आहे असंच धरा.

त्यानंतर तेवीस वर्षं तो गोल आमच्या घरात राहिला. पोरगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, सासूबाई गेल्या, गोल तिथंच. कोणी पाहुणा आला की पाणी, चहा आणि गोल. लग्नाच्या मांडवात, न्हाव्याच्या दुकानात, पोळ्याला बैल धुताना. तुमची सांगायची रीत ठरलेली होती. सुरुवात तुम्ही करायचात. एकाला एक गोल झालेला, शेवटची दोन मिनिटं उरलेली, स्टेशनवाले सगळे आपल्या गोलवर चढून आलेले. इतके की त्यांचा तो उंच गोलकीपर, ज्याला तुम्ही दोघं लंबू म्हणायचात, तोसुद्धा आपलं घर सोडून मैदानाच्या मधोमध येऊन उभा. त्यांच्या माणसानं मारलेला बॉल आपल्या गोलच्या आडव्या खांबाला लागून परत आला. इथून पुढं ह्यांची पाळी. आपल्या गोलकीपरनं डोळे झाकून लाथ घातली, बॉल लंबूच्या डोक्यावरून गेला, आणि मागून बाबाराव शिंपी धावला. बाबाराव, ज्यानं जन्मात गोल केला नव्हता. त्याचा एक बूट मधेच निघाला. तो एका बुटावर धावतोय, लंबू उलटा फिरून धावतोय, आणि रेषेच्या बाहेरून तुम्ही दोघं बॉलच्या बरोबरीनं धावताय, एक गुडघ्यानं अधू आणि एक दम्यानं. बाबारावनं पाय घातला. बॉल निघाला गोलकडे.

इथं आल्यावर हे थांबायचे आणि तुमच्याकडे पाहायचे. शेवट तुम्ही सांगायचात. दर वेळी. ह्यांनी शेवट कधी सांगितला नाही. मला वाटायचं हा तुमच्यातला मान आहे. लग्नात शेवटचा घास जवळच्या माणसानं भरवावा, तसं काहीतरी. त्याचाही मला हेवा वाटायचा. स्वयंपाकघरात उभी राहून मी तो शेवट इतक्यांदा ऐकला की पोळी कधी उलटायची हे मला तुमच्या शब्दांवरून कळायचं.

एकदा तुम्ही मला म्हणालात, वयनी, एकदा तरी मैदानावर या. मी म्हटलं, मला पुष्कळ कामं आहेत. त्यानंतरही तुम्ही दर वर्षी विचारत राहिलात आणि मी दर वर्षी तेच उत्तर देत राहिले. तुम्ही दोघं जिथं सर्वात जास्त एकमेकांचे होतात तिथं येऊन मी तिसरी कशाला होऊ?

ह्या वर्षी दिवाळीआधी तुमचा दम वाढला. सावंगीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा फुप्फुसात पाणी होतं. नऊ दिवस हे तिथं राहिले. इंदूला रात्रीचं घरी पाठवायचे आणि स्वतः खाली सतरंजीवर पडायचे. माझ्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनला हे दुपारचे येऊन संध्याकाळी परत जायचे, कारण वांगी तोडणीला आली होती. या वेळीही वांगी तोडणीला आली होती. मी दोन बाया लावून तोडली. डबा घेऊन सावंगीला गेले तर हे तुमचे केस विंचरत होते. मग संत्रं सोललं, प्रत्येक फोडीवरचे पांढरे धागे काढले, बी काढली आणि फोड तुमच्या ओठाशी धरली. मी दारात डबा घेऊन उभी. मरणाच्या दारातल्या माणसाचा हेवा करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, भाऊजी. मी तीच होते.

हे डबा धुवायला गेले तेव्हा तुम्ही मला हातानं जवळ बोलावलंत. बोलायला त्रास होत होता. तुम्ही म्हणालात, "वयनी, वसंताले मॅच कोण सांगन आता?"

मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, त्यांनी तुमच्याच शेजारी उभं राहून पाहिली ना, त्यांना काय सांगायचं. जरा तोडूनच म्हटलं. तुम्ही हसलात आणि डोळे मिटलेत. मला वाटलं थकलात. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

पाचव्या दिवशी तुमच्या अंगणात माणसं बसायला आली. मी इंदूजवळ दारात बसले होते. दुपारी एक उंच, पिकल्या केसांचा माणूस आला. आधी कोणी ओळखलं नाही. मग कोणीतरी हळूच म्हटलं, लंबू. तो तुमच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला आणि वळून सगळ्यांना म्हणाला, "ज्यानं मले तेवीस वर्षं त्या गोलवरून चिडवलं, त्याले भेटाले आलो." माणसं हसली. तुमच्या घरात पाच दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं.

मग व्हायचं तेच झालं. एकानं सुरुवात केली, दुसऱ्यानं पुढं नेलं. त्या दिवशी मैदानावर असलेले पाचसहा जण होते, बाकी तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं. लंबूनं स्वतःची बाजू सांगितली. मध्यावर उभा असताना बॉल डोक्यावरून कसा गेला, आणि परत धावताना ओल्या गवतात पाय सरकून तो कसा तोंडावर पडला. म्हणाला, पुढचं मला दिसलं नाही, तोंडात माती होती, फक्त शिट्टी ऐकली. बाकीच्यांनी तर आपल्या गोलमागं उभं राहून लांबूनच पाहिलेलं. बाबाराव दोन वर्षांपूर्वीच गेला. सगळे ह्यांच्याकडे पाहायला लागले. तुमच्यानंतर शेवट सांगायचा हक्क ह्यांचाच.

ह्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "मले नाई दिसला तो गोल."

कोणाला कळेना.

"बॉल गवतात थांबला असं वाटलं. मले पाह्यवलं नाई. म्या डोळे मिटले अन् सुखदेवचा हात धरला. म्हटलं, तूच सांग काय झालं ते. त्यानं सांगितलं तेवढंच मले मालूम हाय."

तेवीस वर्षं ज्या गोलवरून मी तुम्हा दोघांचा हेवा केला, तो माझ्या नवऱ्यानं पाहिलाच नव्हता. मी देवळीला असताना तो मैदानावर डोळे मिटून उभा होता. आणि तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत. दर वेळी शेवट स्वतःकडे घेतलात, ह्यांच्यावर पाळी येऊ नये म्हणून. मागं एकदा तुम्ही दोघं फुटबॉल मंडळाच्या कशावरून तरी भांडलात आणि दोन महिने बोलला नाहीत. तेव्हाही गावभर एकमेकांची उणीदुणी निघाली, पण हे निघालं नाही.

लंबू म्हणाला, मग आता सांगणार कोण?

मी सांगायला लागले. ठरवून नाही. माझा आवाज बाहेर पडल्यावर मलाच कळलं की मी बोलते आहे. आणि मी माझ्या शब्दांत बोलत नव्हते, तुमच्या शब्दांत बोलत होते. तुम्ही जसं म्हणायचात तसंच.

"बॉल गेला तं सही, पण ओल्या गवतानं त्याचा जोर खाल्ला. मंद झाला. म्हतारं माणूस बजारातून येते तसा चालला. डाव्या खांबाले लागला अन् रेषेवर आला. तिथं फिरला. एकदा त्याले वाटलं भाएर जावं, एकदा वाटलं अंदर जावं. मंग गेला अंदर. नेटपर्यंत बी नाई गेला. रेषेच्या आत इतभर जाऊन तिथंच बसला, कोंबडी अंड्यावर बसते तसा. अन् शिट्टी वाजली."

कोंबडीवर माणसं नेहमी हसायची. तशीच हसली. लंबूनं रुमालानं डोळे पुसले. इंदूनं माझा हात धरला होता.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं हे माझ्याकडे पाहत असतील. लग्नाला इतकी वर्षं झाली, अख्ख्या अंगणासमोर मी ह्यांच्यासाठी बोलले होते. ह्यांचे डोळे मिटलेले होते. चेहरा एकदम निवलेला. हे मला ऐकतच नव्हते, भाऊजी. माझ्या तोंडून तुम्हाला ऐकत होते.

घरी येताना मी विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं कधी?"

हे म्हणाले, "तू हसली असती."

ते खरं होतं. हसले असते तर एक वेळ चाललं असतं. पहिल्याच भांडणात मी ते काढलं असतं. मला सोडून मॅचला गेलात आणि मॅचमध्ये डोळे मिटून उभे राहिलात, असं मी दहा वेळा ऐकवलं असतं. ह्यांनी ते माझ्याकडे ठेवायला दिलं नाही आणि तुमच्याकडे दिलं, ह्यात ह्यांचं काही चुकलं नाही. हे कळणं मला जड गेलं. हेवा करणाऱ्याला निदान असं वाटावं लागतं की आपलं काहीतरी दुसऱ्यानं घेतलं. तुम्ही माझं काहीच घेतलेलं नव्हतं. जे मला सांभाळता आलं नसतं ते तुम्ही सांभाळत होतात.

म्हणून हेवा गेला असं समजू नका. उलट वाढला. आधी वाटायचं, तुमच्याकडे ह्यांचं हसणं आहे. आता कळलं की ह्यांची भीतीही तुमच्याकडेच होती.

परवा यंदाची फायनल झाली. पुन्हा स्टेशनवालेच समोर. दुपारी ह्यांनी टोपी घातली, दाराशी जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "चाल." मी कामाचं कारण सांगणार होते. सांगितलं नाही. पदर नीट केला आणि निघाले.

पहिल्यांदाच आले मी त्या मैदानावर. तुम्ही सांगायचात तेवढं मोठं नाही ते. एका टोकाला उतार आहे, दुसऱ्या टोकाला गवतापेक्षा माती जास्त. दाराजवळ फळा होता, तुमचा फोटो आणि माझ्या चार ओळी. पोरांनी आम्हाला पुढं दोन खुर्च्या दिल्या. ह्यांनी माझी खुर्ची डाव्या हाताला ओढून घेतली. तुम्ही नेहमी डावीकडे उभे राहायचात, असं मागून कोणीतरी म्हणालं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. सगळे एकदम ओरडले की मी इकडं तिकडं पाहायची. हे मला काही समजावत नव्हते. तुम्हाला समजवावं लागत नव्हतं, म्हणून ह्यांना ती सवयच नसावी. स्टेशनवाल्यांनी एक गोल केला. आपल्याकडून होईना. शेवट जवळ आला तसे लोक उभे राहिले, हेही उभे राहिले, मीही राहिले. आणि मग आपल्या एका पोराला बॉल मिळाला, समोर गोलकीपरशिवाय कोणी नव्हतं.

ह्यांनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या. मी पाहिलं तर डोळे मिटलेले.

"सुख्या," हे म्हणाले, "काय झालं बे? सांग."

पोरानं मारलेला बॉल वरून गेला. पुरुषभर वरून, पार मागच्या बाभळीत. आजूबाजूचे लोक डोक्याला हात लावून खाली बसले. हे तसेच उभे, डोळे मिटलेले, माझं मनगट हातात. मी शोभा आहे, हे सांगायला एक शब्द पुरला असता. तेवीस वर्षं मला तो सांगायचा होता.

"वरून गेला," मी म्हटलं.

"थोडक्यात?"

"थोडक्यात."

ह्यांनी मान हलवली आणि हळूहळू डोळे उघडले. कोणाचा हात धरलाय ते पाहिलं. सोडला नाही.

हाक तुमच्या नावाची होती, भाऊजी. ओ मी दिली.